बंदूक, शेतीसंरक्षणाची

पिके, गुरे व माणसे यांचे वन्य पशूंपासून रक्षण करण्याच्या हेतूने शासकीय परवान्यावर बाळगलेली लांब नळीची बंदूक. कोकणात ती सामान्यतः ठासणीची किंवा १२ बोअरची एकनळी अथवा दुनळी असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अस्वलांच्या प्रदेशात हिंडणारे लोक याच हेतूने मोठ्या व्यासाचे रिव्हॉल्व्हर कमरेला बाळगतात. भारतात तसा प्रघात नाही. याचे कारण काही अंशी कायद्यात आणि काही अंशी पशूंच्या शरीररचनेत आहे. शस्त्र कोणते, यापेक्षा त्यात काय भरले आहे आणि ते झाडण्यास किती वेळ मिळतो, या दोन गोष्टी प्रत्यक्षात अधिक निर्णायक ठरतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठाणे देवरूख हे सह्याद्रीच्या पायथ्यालगत आहे. त्याच्या पूर्वेस मार्लेश्वराचे डोंगर असून घाटमाथ्यावर चांदोली राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. हे उद्यान व कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. या राखीव पट्ट्यात अस्वल आढळते. तथापि देवरूखकडील उतारावर ते विरळाच. तेथील शेतकऱ्याचा नित्याचा सामना रानडुकराशी असतो. भात पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत डुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात आणि खातात त्याहून अधिक तुडवितात. गव्यांचा उपद्रव अलीकडे वाढला आहे. बिबट्या (गावात त्याला सर्रास ‘वाघ’च म्हणतात) पिकाच्या वाटेस जात नाही, तो कुत्र्यांच्या व वासरांच्या मागे वाडीपर्यंत येतो. माळ्यावर राखणीला बसणारा शेतकरी रात्री जे बार काढतो त्यांतील बहुतेक कोणाला मारण्यासाठी नसतातच. नळीत नुसती दारू ठासून केलेला तो आवाज असतो. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचे खरे काम बव्हंशी एवढेच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या तेराव्या कलमात या बंदुकीला वेगळे स्थान दिलेले आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, अथवा संरक्षण वा खेळ यांसाठी किमान २० इंच (५०·८ सेंमी.) लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक मागितली असता, अन्य काही आक्षेप नसल्यास, परवाना द्यावा असे तेथे म्हटले आहे. पीकसंरक्षणास ठासणीची बंदूक अपुरी आहे अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास तो गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्या बाबतीत मात्र अर्जदाराला ‘सबळ कारण’ आहे की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचे असते आणि डुकरांचा उपद्रव हे तसे कारण सहसा मानले जात नाही. शिवाय ९ मिमी. यांसारखे लष्करी व पोलिसी व्यास नागरिकांस निषिद्ध असल्याने व्यवहारात ०·३२ इंच व्यासाचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल हीच निवड उरते. एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या पूर्वीच्या तीनवरून २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली.

ठासणीची बंदूक : हिच्यात नळीच्या तोंडाने प्रथम काळी दारू, तीवर चिंधी वा काथ्याचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी आणि पुन्हा बोळा असे क्रमाने गजाने ठासतात. नळीच्या मागील बाजूस बोंडीवर केप बसवितात. चाप ओढला की घोडा केपेवर आपटून ठिणगी दारूपर्यंत पोहोचते. काळ्या दारूत सामान्यतः ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असते. सोरा कोंदट हवेत ओलावा धरतो. त्यातच देवरूखच्या परिसरात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे नेमक्या राखणीच्या दिवसांत, बार फुकट जाण्याचे प्रमाण वाढते. एकदा झाडल्यावर पुन्हा भरण्यास सरावलेल्या माणसालाही अर्धे मिनिट सहज लागते. अंगावर आलेल्या जनावराविरुद्ध ही बंदूक म्हणजे एकच संधी होय. ती चुकल्यावर हाती उरतो तो लाकडी दस्ता.

१२ बोअरची बंदूक व काडतुसे : एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या १२ गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास होईल (सु. १८·५ मिमी.) तो या नळीचा व्यास. हिची काडतुसे पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात तयार होतात. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहे.

काडतुसाच्या निवडीत सर्वाधिक घोटाळा छर्ऱ्यांच्या क्रमांकाबाबत होतो. क्रमांक ६ च्या काडतुसात एका औंसात (सु. २८ ग्रॅ.) सु. २७० बारीक छर्रे मावतात. ते पक्ष्यांसाठी असतात. डुकराच्या कातड्यात ते रुततात, पण आत जात नाहीत. अशा बाराने जनावर मरत नाही, परतही जात नाही, ते चवताळते. एस.जी. या वर्गाचे औंसात सु. ८ आणि एल.जी. या वर्गाचे सु. ६ छर्रे बसतात. एल.जी.च्या एका छर्ऱ्याचा व्यास सु. ९ मिमी. असून नळीच्या तोंडाशी त्याची ऊर्जा सु. ३०० जूल असते. हे छर्रे २० ते २५ मी. अंतरापर्यंत एकत्रित जातात. पुढे ते इतके पांगतात की एखाद-दुसराच लागतो आणि जनावर जखमी होऊन रानात शिरते. तिसरा प्रकार एकाच गोळीचा. सु. २८ ग्रॅ. वजनाची गोळी साधारणतः २,००० जूल ऊर्जेने बाहेर पडते व हाडापर्यंत पोहोचते. मात्र नळी गुळगुळीत असल्याने ४०-५० मी.पलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसतो. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कूर्चेसारखे जाड चिलखत असते. तेथे एल.जी. अपुरा पडू शकतो, एकच गोळी बहुधा पडत नाही. ७०० ते १,००० किग्रॅ. वजनाच्या नर गव्यापुढे यांपैकी कशाचाच विश्वास धरू नये.

कोकणातील अनेक घरांत वडिलोपार्जित दुनळ्या आहेत. त्यांच्याबाबत एक धोका विशेष सांगण्याजोगा आहे. जुन्या बंदुकींचे काडतुसाचे घर ६५ मिमी.चे असते. काडतुसावर लिहिलेली लांबी ही ते उडाल्यानंतर, म्हणजे तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. त्यामुळे ७० मिमी.चे न उडालेले काडतूस जुन्या बंदुकीत बिनबोभाट बसते आणि बसले म्हणजे चालते असा समज होतो. झाडल्यावर घडी उलगडण्यास जागा न मिळाल्याने दाब बेसुमार वाढतो व नळी फाटू शकते. पट्ट्या पिळून घडविलेल्या, काळ्या दारूसाठी बनलेल्या नळ्यांत आधुनिक धूरहीन दारूची काडतुसे मुळीच वापरू नयेत. नळीचे तोंड निमुळते असल्यास तीतून एकच गोळी झाडण्यापूर्वी ती गोळी त्या तोंडातून सहज जाईल अशा मापाची आहे, याची बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी लागते. पूर्वीची कागदी नळकांड्यांची काडतुसे पावसाळ्यात फुगत व घरात शिरतच नसत; प्लॅस्टिकच्या नळकांड्यांनी ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे.

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर : ०·३२ इंच रिव्हॉल्व्हरची गोळी सु. ६·३ ग्रॅ. वजनाची असून तिची ऊर्जा सु. १५० जूल, म्हणजे एल.जी.च्या एका छर्ऱ्याच्या निम्मी भरते. अमेरिकेत अस्वलांसाठी नावाजलेले ०·४४ मॅग्नम हे काडतूस १९५५ मध्ये प्रचारात आले. त्याची गोळी १५ ग्रॅ.हून अधिक वजनाची व ऊर्जा १,२०० जुलांच्या आसपास असते. तेथील जाणकार त्यासाठी टोकाला पोकळी असलेली गोळी न घेता टणक मिश्रधातूची, चपट्या नाकाची भरीव गोळी घेतात. पोकळ टोकाची गोळी मांसात शिरताच पसरते व उथळ जखम करून थांबते. माणसावर परिणामकारक ठरणारी ही रचना अस्वलाची जाड चरबी, स्नायू व कवटी यांपुढे निरुपयोगी होते. भारतात मिळणाऱ्या ०·३२ च्या गोळीला मुळात इतकी शक्तीच नसल्याने हा पर्याय येथे संभवत नाही. २०१४ मध्ये स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून कानपूरला तयार झालेले ‘निर्भीक’ हे सु. ५०० ग्रॅ. वजनाचे रिव्हॉल्व्हरही याच व्यासाचे आहे. ते खिशात मावते हा त्याचा गुण. रानात तो कामास येत नाही.

भारतातील अस्वल (स्लॉथ बेअर) अमेरिकी अस्वलांहून लहान आहे. नराचे वजन ८० ते १४५ किग्रॅ. असते. परंतु माणसावर हल्ला करण्याच्या बाबतीत ते कोणास हार जात नाही. त्याची दृष्टी व श्रवणशक्ती बेताची असल्याने वाऱ्याच्या उलट दिशेने आलेला माणूस त्याला अगदी जवळ येईपर्यंत उमगत नाही. मग दचकून ते पळण्याऐवजी चाल करते, पुष्कळदा मागील पायांवर उभे राहते आणि लांब नखांनी चेहरा व डोके फाडते. विदर्भात मेळघाट, ताडोबा, गडचिरोली व बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य या भागांत मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्याच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे या काळात, असे प्रसंग विशेष घडतात. चाल करणारे अस्वल १० मी. अंतर सव्वा-दीड सेकंदात कापते. एवढ्या अवधीत खांद्यावरची बंदूक उतरवून घोडा चढविणे किंवा कमरेचे रिव्हॉल्व्हर काढून नेम धरणे कसलेल्या शिपायालाही कठीण आहे. शिवाय त्याचे लांब विस्कटलेले केस शरीराची खरी सीमा झाकून टाकतात. त्यामुळे नेम चुकला नाही तरी गोळी मर्मस्थानी लागेलच असे नाही.

या प्रश्नाचा मोजून-मापून अभ्यास अलास्कात झाला आहे. टॉम स्मिथ, स्टीव्हन हेरेरो व त्यांचे सहकारी यांनी १८८३ ते २००९ या काळातील, बंदुका बाळगलेल्या लोकांचे २६९ प्रसंग तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अस्वलाला रोखण्यात आखूड शस्त्रे ८४ टक्के व लांब बंदुका ७६ टक्के प्रसंगी यशस्वी ठरल्या होत्या. पण शस्त्र झाडणारे व न झाडणारे यांच्या जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याच संशोधकांच्या २००८ च्या अभ्यासात मिरचीतील तिखट द्रव्याचा फवारा जवळ बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोक बचावले होते. हे आकडे तेथील अस्वलांचे व तेथील मोकळ्या मुलखाचे आहेत. कारवी व घाणेरी यांच्या दाट जाळीत ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

परवाना असला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, हा गावोगाव आढळणारा समज चुकीचा आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बिबट्या, गवा व अस्वल हे तिन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांतील एखादा मानवी जीवितास धोकादायक ठरला व त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलविणे शक्य नसले, तरच राज्याचा मुख्य वन्य जीव रक्षक लेखी आदेशाने त्याला मारण्यास अनुमती देऊ शकतो. रानडुकराबाबत हे बंधन काहीसे सैल असून पिकाची हानी होत असल्यास प्राधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने ते मारता येते. अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यान यांच्या १० किमी. आतील परवानाधारकांना आपल्या शस्त्राची वन खात्याकडे नोंद करावी लागते आणि या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्य जीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. चांदोलीच्या पायथ्याच्या अनेक गावांना हे कलम लागू पडते. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धत आहे. ती भात तयार होण्याच्या सुमारास आली की शेतकऱ्यांची कुचंबणा होते, आणि त्यांची ही तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

बंदूक नसलेले, किंवा असूनही तिचा खर्च व कागदपत्रे टाळू पाहणारे, काही जण तारेची फासकी लावतात, गावठी बाँब पेरतात किंवा पाऊलवाटेवर आडव्या दोरीने झडणारी बंदूक बांधून ठेवतात. हे तिन्ही प्रकार गुन्हे आहेतच, पण त्यांचा खरा दोष असा की त्यांना जनावर ओळखता येत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून मरतो. दोरीच्या बंदुकीपुढे पहाटे काजू गोळा करण्यास निघालेला शेजारी येतो. राखणीच्या बारांनीही अंधारात हालचाल दिसली म्हणून माणसे दगावली आहेत. म्हणूनच लक्ष्य प्रत्यक्ष दिसल्याखेरीज आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याखेरीज चापावर बोट नेऊ नये, हा नियम जुने राखणदार नवख्यांना पहिल्या रात्रीच सांगतात. दुनळी वाटेने नेताना काडतुसे काढून उघडी ठेवावी. ठासणीची बंदूक भरलेली असल्यास केप उतरवून ठेवावी.

अंगावर आलेल्या पशूला स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने मारले वा जखमी केले तर तो अकराव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार अपराध ठरत नाही. मात्र अधिनियमाविरुद्ध कृत्य करीत असता, उदा., चोरट्या शिकारीस गेलेला असता, कोणी हा बचाव पुढे केल्यास तो मानला जात नाही. अशा रीतीने मारला गेलेला पशू शासनाची मालमत्ता असतो. त्याचे कातडे, नखे, दात वा मांस घरी नेता येत नाही. घटना घडताच वन खात्यास व पोलीस ठाण्यास कळवावे, मृत जनावर हलवू नये आणि झाडलेली काडतुसे पंचनाम्यासाठी जेथल्या तेथे राहू द्यावीत. जनावर जखमी होऊन निसटले असल्यास रात्री त्याचा माग काढू नये. सकाळी वनकर्मचाऱ्यांसह जावे आणि रक्ताचा माग जाळीत शिरत असेल तर गावकऱ्यांनी तेथेच थांबावे.