भारतातील डिजिटल पेमेंट ॲपचा स्वीकार

रोख रक्कम, धनादेश किंवा कार्ड यांऐवजी मोबाइलवरील ॲपद्वारे देयके चुकती करण्याकडे ग्राहकांनी वळणे, यास डिजिटल पेमेंट ॲपचा स्वीकार असे म्हणतात. भारतात हा बदल प्रामुख्याने युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस (यूपीआय) या प्रणालीमुळे घडून आला.

== पार्श्वभूमी ==
यूपीआय ही प्रणाली मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने विकसित केली. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांनी ११ एप्रिल २०१६ रोजी तिचे उद्घाटन केले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० व १००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द करण्यात आल्या. मूल्याच्या दृष्टीने त्या चलनाच्या सुमारे ८६ टक्के होत्या. डिसेंबर २०१६ मध्ये भीम हे ॲप सुरू झाले. यूपीआयच्या मासिक व्यवहारांची संख्या ऑक्टोबर २०१९ मध्ये १०० कोटींवर, तर ऑगस्ट २०२३ मध्ये १००० कोटींवर गेली.

== कारणे ==
अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान स्वीकार प्रतिमानानुसार, नवे साधन उपयुक्त व वापरण्यास सोपे वाटले तर लोक ते स्वीकारतात. जुने साधन सोडून नव्याकडे वळण्याचे स्पष्टीकरण देताना अभ्यासक स्थलांतराच्या अभ्यासातून आलेली तीन घटकांची मांडणीही वापरतात.

* '''ढकलणारे घटक:''' सुट्ट्या पैशांची चणचण, एटीएमपुढील रांगा व रोकड बाळगण्यातील जोखीम. नोटाबंदीने हे घटक एकाएकी तीव्र केले.
* '''ओढणारे घटक:''' क्यूआर कोड स्कॅन करून काही क्षणांत होणारा व्यवहार, त्याची आपोआप राहणारी नोंद आणि कॅशबॅकसारखी प्रलोभने.
* '''रोखून धरणारे घटक:''' रोखीची सवय, फसवणुकीची भीती, स्मार्टफोन किंवा इंटरनेटचा अभाव.

ग्राहकाचा निर्णय दुकानदाराच्या निर्णयावरही अवलंबून असतो. पूर्वीच्या मोबाइल वॉलेटमध्ये आधी पैसे भरावे लागत व देणारा आणि घेणारा यांच्याकडे बहुधा एकाच कंपनीचे वॉलेट असावे लागे. यूपीआयमध्ये रक्कम थेट एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते आणि दोघांची ॲप वेगळी असली तरी चालते. त्यामुळे स्वीकारणारी दुकाने वाढली तसे ग्राहक वाढले व ग्राहक वाढले तशी दुकाने वाढली. अर्थशास्त्रात यास जालपरिणाम म्हणतात. १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यांवरील व्यवहार शुल्क (एमडीआर) शून्य करण्यात आल्याने चहा-भाजी विक्रेत्यांनाही दहा-वीस रुपये या मार्गाने घेणे परवडू लागले. रक्कम जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्समुळे गर्दीच्या वेळी ग्राहकाचा मोबाइल तपासण्याची गरज उरली नाही.

== मर्यादा ==
ॲपचा स्वीकार म्हणजे रोखीचा त्याग नव्हे. नोटाबंदीनंतरच्या वर्षांत यूपीआय व्यवहारांबरोबरच चलनातील नोटांचे एकूण मूल्यही वाढत गेले. दैनंदिन खर्चासाठी ॲप वापरणारी अनेक कुटुंबे अडीअडचणीसाठी रोकड राखून ठेवतात. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवर चालणारी यूपीआय १२३पे ही सेवा सुरू करण्यात आली. फसवणुकीच्या अनेक प्रकारांत पैसे मिळवण्यासाठी पिन टाकण्यास सांगितले जाते. प्रत्यक्षात यूपीआय पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, रक्कम स्वीकारताना लागत नाही.