चित्र कॉम्प्युटर काढतो, मग तुझं काय त्यात?

फ्रॅक्टल आर्टचा छंद आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच. रास्त आहे. मँडेलब्रॉट सेटचं सूत्र एका ओळीचं: झेडचा वर्ग करा, त्यात सी मिळवा, आलेलं उत्तर पुन्हा झेड म्हणून घ्या. सुरुवात शून्यापासून. स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक वेगळा सी, एक संमिश्र संख्या. काही ठिपक्यांचं उत्तर कायम आटोक्यात राहतं, ते काळे. बाकीचे शून्यापासून २ पेक्षा लांब गेले की सुटलेच, परत येत नाहीत. किती फेऱ्यांत सुटले, त्यावरून रंग.

आता गंमत बघा. गणित फक्त फेऱ्या मोजतं. १७ फेऱ्यांना हळदी रंग द्यायचा की मोरपंखी, हे मी ठरवतो. उणे ०.७५ जवळच्या ‘सीहॉर्स व्हॅली’तली एकच जागा एका पॅलेटमध्ये भडक कॅलेंडर वाटते, दुसऱ्यात पैठणीचा पदर! माझे तास जातात ते जागा शोधण्यात आणि रंगांत. रेंडर होताना मी चहा पितो. (साध्या डबल प्रिसिजनवर मात्र दहा लाख कोटी पटींच्या आसपास झूम केलं की नुसते ठोकळे दिसायला लागतात.)

दुसऱ्या कुणाचं फ्रॅक्टल बघताना मी आधी काळा भाग शोधतो. नवशिके तो टाळतात, सगळीकडे रंग ओततात. मुरलेला माणूस डोळ्याला टेकायला जागा ठेवतो.