जोड आणि फोड : संस्थेच्या कोठाराचा हिशेब

शेतकऱ्यानें कच्चा माल विकून मोकळें न होतां त्याचा पक्का माल करून विकावा, हा उपदेश आतां नवा राहिलेला नाहीं. विदर्भ-मराठवाड्यांतील अनेक शेतकरी-गटांनीं व उत्पादक कंपन्यांनीं तूर भरडण्याचीं लहान यंत्रें बसविलीं आहेत, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें तयार केलेली लहान डाळ-गिरणी पुष्कळांच्या परिचयाची आहे. परंतु यंत्राबरोबर कोठारांत हिशेबाची जी नवी अडचण शिरते, तिजकडे फारसें लक्ष जात नाहीं.

तूर विकत घेऊन तूरच विकली, तर आवकेंतून जावक वजा जातां शिल्लक राहते, एवढें गणित पुरतें. पण तुरीची डाळ केली कीं एक वस्तु नाहींशी होऊन तिच्या जागीं तीन वस्तु उत्पन्न होतात. हिला आपण मालाची 'फोड' म्हणूं. उलट पेंड, भरडा, चुनी इत्यादि एकत्र करून पशुखाद्य केलें, तर पांच-सहा वस्तु लोपून एक वस्तु होते. ही मालाची 'जोड'. संगणकावर मालसाठा ठेवणाऱ्या टॅलीसारख्या प्रणालींत या दोन्ही क्रियांची सोय आहे. तरीही कांहीं ठिकाणीं केवळ खरेदी-विक्रीच्या नोंदींवरच काम भागविलें जातें. त्यानें काय होतें, तें एका उदाहरणावरून पाहूं.

फोडीचा हिशेब

समजा, १,००० किलो तूर भरडणीस दिली. तेल-पाणी लावून, वाळवून व भरडून तिची ७२० किलो डाळ, १२० किलो चुनी व ११० किलो टरफल निघालें. बेरीज ९५० भरते. उरलेले ५० किलो ओलावा व धूळ यांत गेले. ही घटही त्याच नोंदींत लिहिली पाहिजे. ती न लिहिल्यास कोठारांत नसलेला माल वहींत वर्षभर नांदतो, आणि नैसर्गिक घट कोणती व चोरी कोणती, हें पुढें कोणासच सांगतां येत नाहीं.

याहून मोठा प्रश्न किंमतीचा. तूर किलोस ७० रुपये व भरडणावळ ४,००० रुपये धरल्यास एकूण खर्च ७४,००० रुपये होतो. तो तिन्ही वस्तूंवर वजनाप्रमाणें सरसकट वांटला, तर किलोस सुमारें ७८ रुपये पडतात, आणि डाळ ९० रुपयांस विकली असतां किलोमागें १२ रुपये नफा झाल्याचें दिसतें. परंतु चुनी व टरफलही ७८ रुपये दरानेंच शिलकेंत बसतात! बाजारांत चुनीस २० व टरफलास १० रुपयेच येणार असतील, तर खरा हिशेब निराळा आहे. चुनीचे २,४०० व टरफलाचे १,१०० मिळून ३,५०० रुपये खर्चांतून वजा करावे. बाकीचे ७०,५०० रुपये ७२० किलो डाळीवर घालावे. म्हणजे डाळ किलोस सुमारें ९८ रुपयांस पडली, व ९० रुपयांस विकतांना किलोमागें ८ रुपये बुडाले. गौण मालाची निव्वळ विक्री-किंमत मुख्य मालाच्या खर्चांतून वजा करण्याची ही रीत आपल्या देशांतील लेखामानक क्रमांक २ यासही धरून आहे. कागदावरील खोट्या नफ्यावर सभासदांस बोनस वांटला, तर तो त्यांच्याच भांडवलांतून वांटला असें होतें.

जोडीचा हिशेब

हीच चुनी पुढें पशुखाद्यांत घालावयाची असल्यास तिचा शेवटला दर तेथें खर्च म्हणून चढतो. म्हणून फोडींतील चूक जोडींत उतरते. जोडीसाठीं प्रथम घटकांचें पत्रक, ज्यास प्रणालींत 'बिल ऑफ मटेरिअल' म्हणतात, तें तयार करावें. १,००० किलो खाद्यास चुनी, सरकी पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, क्षारमिश्रण व मीठ किती, हें त्यांत असावें. पन्नास किलोचीं वीस पोतीं भरलीं, तर वीस रिकामीं पोतींही शिलकेंतून कमी झालीं पाहिजेत. पोतें हाही मालच आहे, ही गोष्ट फार वेळां विसरली जाते.

जोडलेलें पुन्हां सोडणें

मिश्रण झालेलें खाद्य पुन्हां सुटें होत नाहीं. त्याची उलट नोंद करूं नये. पेरणीसाठीं बियाण्याची पिशवी व जिवाणुसंवर्धकाची पुडी असा संच बांधला असेल, तर तो मात्र हंगाम सरल्यावर सोडतां येतो. अशा वेळीं प्रत्येक घटक तपासूनच परत जमा करावा. मुदत उलटलेली पुडी शिलकेंत न घेतां नुकसानींत टाकावी. नाहींतर तीच पुढल्या हंगामांत एखाद्या सभासदाच्या शेतांत जाईल.

चार नियम

१. जोड अथवा फोड ज्या दिवशीं होईल, त्याच दिवशीं एकाच नोंदींत काय गेलें व काय आलें हें लिहावें.

२. गेलेल्या मालाचें वजन हें आलेला माल व घट यांच्या बेरजेशीं जुळलेंच पाहिजे.

३. प्रत्येक घाण्यास क्रमांक द्यावा, म्हणजे तक्रार आल्यास मूळ तुरीपर्यंत माग काढतां येतो.

४. नेहमीचा उतारा व प्रत्यक्ष उतारा दर महिन्यास ताडून पाहावा. बहात्तरांचे अडुसष्ट झाले, तर यंत्र, तुरीची प्रत किंवा तोलकांटा यांपैकीं कोठें दोष आहे, याचा शोध लगेच घ्यावा.

संगणक हा चटपटीत कारकून आहे. पण त्यास जें सांगावें तेंच तो लिहितो. कोठारांतील माणसानें तोलकांट्याजवळ उभें राहून खरें वजन लिहिलें, तरच सभासदाच्या तुरीचा खरा मोबदला त्याच्या पदरांत पडेल. वार्षिक सभेंत नफ्याचा आंकडा ऐकतांना प्रत्येक सभासदानें फोडीची व जोडीची नोंदवही पाहावयास मागावी. तसें पाहण्यांत अविश्वास नाहीं. संस्था आपली आहे, एवढाच त्याचा अर्थ.