नलिनी मालानी यांची चित्रकला : स्मृती, स्त्री आणि श्रोता

भाषाभ्यासकाने चित्रकलेविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु चित्रकर्त्री नलिनी मालानी यांच्या कलेतील मध्यवर्ती प्रश्न भाषेचाच आहे : सोसलेले सांगावयाचे कोणत्या शब्दांत, आणि ते ऐकावयाचे कोणी?

मालानी यांचा जन्म १९४६ साली कराचीस झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब कलकत्त्यास व पुढे मुंबईस आले. तेथील सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचे शिक्षण झाले. घर सुटले तेव्हा त्या तान्ह्या होत्या. त्यांची फाळणीची स्मृती पाहिलेल्याची नव्हे, घरात ऐकलेल्याची आहे.

फाळणीत पळविल्या गेलेल्या स्त्रियांना 'परत मिळविण्यासाठी' भारतात १९४९ साली कायदा झाला. हे क्रियापद आपण एरवी हरवलेल्या वस्तूसाठी योजतो. परतावयाचे की नाही, हा निर्णय कायद्याने त्या स्त्रीकडे ठेवला नाही. पळविणाऱ्याच्या वाक्यात ती कर्म होती. शासनाच्या वाक्यातही कर्मच राहिली.

समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांनी १९९६ च्या एका निबंधात या स्त्रियांच्या मौनाचा विचार केला आहे. वेदनेचे विधान ही केवळ माहिती नव्हे, ती ऐकणाऱ्याकडे केलेली मागणी असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठीत 'मला दुखते' असे म्हणताना बोलणारा चतुर्थीत असतो, हे या संदर्भात लक्षणीय वाटते. याच निबंधाच्या आधारे मालानी यांनी २००५ साली 'मदर इंडिया' ही पाच पडद्यांवरील चलच्चित्रकृती रचली. तीत फाळणीबरोबर २००२ चा गुजरातही आहे.

त्यांचे तंत्रही या आशयास अनुरूप आहे. जुन्या काचचित्रांप्रमाणे त्या पारदर्शक पृष्ठाच्या मागील बाजूने रंगवितात. त्यामुळे बारकावे आधी व पार्श्वभूमी शेवटी येते. चूक झाकावयास वाव उरत नाही. २०१२ साली जर्मनीतील कासेल येथे मांडलेल्या 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' या कृतीत अशी चित्रे फिरत्या नळकांड्यांवर होती व त्यांच्या छाया भिंतींवरून सरकत होत्या. तीत ग्रीक पुराणातील कॅसांड्रा येते. ती सत्यच सांगते; तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, एवढेच.

अर्थनिर्णय करताना आपण वक्त्याच्या वाक्याचे पृथक्करण करतो व श्रोता गृहीत धरतो. मालानी यांच्या चित्रांपुढे ते गृहीत टिकत नाही. वाक्य पूर्ण असूनही श्रोत्याअभावी अर्थ अपुरा राहू शकतो, हे आपल्या शास्त्रानेही ध्यानी घ्यावयास हवे.