कोयनेच्या पाण्यावर विजेची बोट



सहलीच्या बोटीला तेलाचे इंजिन असावे की विजेची मोटार, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. भत्ता, बोनस आणि बडतर्फी यांवर बोलण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या माणसाने या बोटीत पाय का ठेवावा, असेही कुणी विचारील. त्याचे उत्तर बोलण्याच्या ओघात मिळेल.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला आपण गेलाच असाल. समोर शिवसागर पसरलेला दिसतो. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचे पाणी तेथे एकत्र साठले आहे. तेथून लाँचने वासोट्याच्या पायथ्याला जायला सुमारे दीड तास लागतो. या दीड तासात इंजिनाच्या धडधडीमुळे शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, आणि डिझेलचा वास नाकातून जात नाही. आता गंमत पाहा. याच कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली आणि महाराष्ट्रातील गिरण्या-कारखाने तिच्यावर फिरले. ज्यांची गावे या पाण्याखाली गेली, त्यांच्यातील काहींची मुलेनातवंडे आज याच पाण्यावर बोटी चालवून पोट भरतात. ज्या पाण्याने राज्याला वीज दिली, त्या पाण्यावर बोट मात्र विकतच्या तेलावर चालते!

विजेची बोट ही नवी कल्पना आहे असे मात्र समजू नका. १८३८ साली याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने रशियात नेवा नदीवर डझनभर माणसे बसवून अशी बोट चालवून दाखवली. १८८१ साली पॅरिसला सीन नदीवर त्रूव्हे याने होडीच्या मागे अडकवता येईल अशी मोटार लावली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पन्नासांहून अधिक विजेच्या बोटींनी लोकांना फिरवले. मग ही विद्या मागे का पडली? मोटार कमी पडली म्हणून नव्हे. बॅटरी कमी पडली म्हणून. जड शिशाच्या बॅटऱ्या वाहून नेण्यापेक्षा पेट्रोलचा डबा नेणे सोपे होते.

मोटारीचे गुण कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला मी काय सांगावे? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, त्या आपल्या मुलुखात पंप घरोघरी ओळखीचा आहे. विहिरीवर ऑईल इंजिन होते तेव्हा हँडल मारावे लागे, तेल बदलावे लागे, धूर खावा लागे. मोटार आली आणि बटण दाबले की पाणी पाटात पडू लागले. बोटीचेही तसेच आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते. पण इंजिन त्यातून साधारण ३ युनिटांचे काम काढते, बाकीची उष्णता धुराबरोबर आणि थंड करण्याच्या पाण्याबरोबर जाते. चांगली मोटार १० युनिटांतून साडेआठ-नऊ युनिटांचे काम देते.

अडचण आहे ती वजनाची. आजची लिथियमची बॅटरी शिशाच्या मानाने बरीच हलकी. तरीही एक युनिट साठवायला तिचे सुमारे ८ किलो वजन लागते. म्हणजे एका लिटर डिझेलचे काम करायला २५ किलोंच्या आसपास बॅटरी हवी. येथे वेगाचा हिशेब नीट ध्यानात घेतला पाहिजे. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग दुप्पट करायचा, तर शक्ती दुप्पट नव्हे, साधारण आठपट लागते. हिशेबापुरते धरू, की तासाला ८ किलोमीटर जाण्यास ४ किलोवॅट लागतात. जाऊन-येऊन २४ किलोमीटरला ३ तास, म्हणजे १२ युनिट. थोडी शिल्लक धरून १६ युनिटांची बॅटरी घेतली तर तिचे वजन सुमारे १३० किलो, म्हणजे दोन माणसांचा भार. तेच अंतर १६ किलोमीटरच्या वेगाने कापायचे तर ४८ युनिट लागतील, आणि त्याच प्रमाणात बॅटरी अर्ध्या टनावर जाईल. मग बोटीत बॅटरी बसेल, माणसे धक्क्यावर राहतील!

तात्पर्य असे, की पाण्यावरून भरधाव उडणाऱ्या स्पीडबोटीला वीज आज महागात पडते. पण संथ चालणारी, रोज त्याच धक्क्यावर परतणारी सहलीची बोट तिला अगदी योग्य आहे. छतावर १० चौरस मीटर सौर पत्रे बसवले तर चांगल्या उन्हात दिवसाला ८ युनिटांच्या आसपास वीज मिळते. आपली हंगामी कडक उन्हे येथे कामी येतात. केरळात वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ पासून ७५ उतारूंची 'आदित्य' ही सौर बोट धावू लागली. जर्मनीत क्योनिग्सझे नावाच्या डोंगरी तलावावर १९०९ पासून सहलीच्या बोटी विजेवर चालतात. शिकारीच्या रानातील जनावरे बिथरू नयेत म्हणून ती व्यवस्था झाली. आपल्या वासोट्याभोवतीचे रान १९८५ पासून अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. शिकारीसाठी जे सुचले, ते रक्षणासाठी आपल्याला सुचू नये काय? शिवाय या जलाशयाचे बरेच पाणी पश्चिमेला वीजघराकडे वळत असले, तरी धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला येते. पाण्यावरचा तेलाचा तवंग हा एकट्या बामणोलीचा प्रश्न नव्हे.

आता माझ्या मूळ विषयाकडे वळतो. ऐन तारुण्यात मी सांगलीत मोटारी भरण्याच्या दुकानात हाताखाली काम करीत होतो. जळालेली मोटार उघडून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत मी वीज शिकलो, शाळेत नव्हे. पुढे एका कारखान्यात संगणकावर चालणारी लेथ आली. यंत्र उत्तम होते. पण ते येणार हे कामगारांना सर्वांत शेवटी कळले. वीस वर्षे लेथ चालवलेला माणूस झाडलोटीला लागला, आणि यंत्रावर बाहेरचा पोरगा बसला. आम्ही यंत्राविरुद्ध घोषणा दिल्या. आज मला वाटते, घोषणा चुकली. 'यंत्र नको' असे न म्हणता 'आम्हांला शिकवा' असे म्हणायला हवे होते.

तीच चूक बोटीत होऊ नये. विजेची बोट चालवायला स्वस्त, पण विकत घ्यायला महाग. बॅटरीचे पैसे एकदम मोजावे लागतात, आणि ज्याच्याजवळ पैसे तोच आधी येतो. उद्या कुणी भांडवलवाला दहा देखण्या बोटी घेऊन उतरला, 'तेलाच्या बोटी बंद' असा हुकूम निघाला, तर एकदा जमिनीवरून उठवलेली माणसे पाण्यावरूनही उठतील. मग ती शुद्ध हवा कुणाच्या मोलाने विकत घेतली, हे विचारावे लागेल.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. बॅटऱ्या बोटवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या असाव्यात आणि त्यांचे हप्ते वाचलेल्या तेलातून फिटावेत. धक्क्यावर वीज भरण्याची जागा सार्वजनिक असावी. नव्या मोटारीत वेढ्यांइतकेच तिचे नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्रही बिघडते; ते दुरुस्त करण्याचे शिक्षण साताऱ्या-सांगलीच्या आय. टी. आय. मध्ये बोटवाल्यांच्या मुलांना मिळावे. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा बॅटरी रिकामी न ठेवता निम्मी भरून ठेवावी, इतकी साधी गोष्टही कुणी तरी शिकवल्याशिवाय कळत नाही. आणि जुनी इंजिने टप्प्याटप्प्याने, कर्ज हाती पडल्यावर काढावीत, आधी नव्हे.

कोयनेने आपल्याला वीज दिली, तेव्हा काठच्या माणसाला कुणी विचारले नाही. आता तीच वीज त्याच्या बोटीपर्यंत परत न्यायची आहे. या वेळी तरी त्याला आधी विचारू या.