जुन्या मोबाइलमधले सोने आणि तेजाबाचा धूर



गेल्या वर्षी आपल्यापैकी अनेकांनी जुने संगणक आणि मोबाइल आमच्याकडे पाठवले. चालणारे संगणक अभ्यासवर्गात ठेवले. बंद पडलेले सारे मी पारनेर तालुक्यातील एका ठाकर वस्तीवरच्या तरुणाला दिले. तो भंगार गोळा करून घर चालवतो. त्याला चार पैसे जास्त मिळावेत, एवढाच माझा विचार होता. आपल्या त्या दानाचे पुढे काय झाले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

त्याने एक व्हिडिओ पाहिला, कोठून तरी तेजाब आणले आणि घरामागे पत्र्याच्या आडोशाला बादलीत बोर्ड बुडवले. तांबूस धूर निघाला. थोडा खोकला आला, मग बरे वाटले, म्हणून तो जेवून झोपला. मध्यरात्री आईचा फोन आला, "सर, लवकर या, पोराला दम घेता येईना." रुग्णालयात त्याला ऑक्सिजन लावावा लागला. देवाच्या कृपेने तो वाचला. ते बोर्ड मीच दिले होते, हे मी विसरू शकत नाही. म्हणून हा विषय मी नीट समजून घेतला.

आपल्याकडे झारेकरी सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढतात. बोर्डातले सोने तसे सुटत नाही. जोडांवर त्याचा अतिशय पातळ थर असतो आणि खाली निकेल व तांबे. नायट्रिक आम्ल तांबे विरघळवते, सोने नाही. सोने विरघळवायला हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचे मिश्रण, म्हणजे अम्लराज लागते.

तांब्यावर नायट्रिक आम्ल पडले की नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू निघतो. तो फसवा आहे. सुरुवातीला माणसाला बरे वाटते. काही तासांनी, कधी दिवसभरानेही, फुप्फुसांत पाणी भरते. तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवत नाही. अम्लराजातून विषारी क्लोरीनही निघतो.

आणि हाती काय लागते? अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे १० लाख मोबाइलमध्ये सुमारे ३४ किलो सोने असते. म्हणजे एक ग्रॅमसाठी तीस मोबाइल, तेही कणभर वाया न जाता. आजच्या भावात तेही मोठे वाटेल. पण घरगुती पद्धतीत डाखाचे कथील आम्लात पांढरा लगदा बनते आणि सोने त्यात अडकते. आमच्या तरुणाकडे शेवटी चिमूटभर गाळ उरला. सोनाराने तो घेतला नाही.

उरलेल्या पाण्यात तांबे, निकेल, शिसे असते. चुना टाकला तर आम्लाचा जोर मरतो, पण धातू गाळात राहतातच. पारनेरसारख्या दुष्काळी तालुक्यात एक विहीर नासली, तर वस्तीने पाणी कोठून आणायचे? उत्तर प्रदेशात मोरादाबादला बोर्ड जाळून धातू काढल्याने रामगंगेच्या काठी काळी राख साचली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले.

कारखान्यात हेच काम बंद भांड्यांत होते. तेथे धूर धुतला जातो, पाण्यावर प्रक्रिया होते. म्हणूनच १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हे काम नोंदणीकृत कारखान्यांनीच करायचे आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद ई-कचरा गोळा करतात. कष्टकऱ्याची कमाई गोळा करण्यात आणि वेगळे करण्यात आहे, तेजाबात नाही.

आता हा तरुण बोर्ड न फोडता, न जाळता अखंड विकतो. वायर जाळत नाही, सोलून तांबे काढतो. फुगलेल्या बॅटऱ्यांना हात लावत नाही. वस्तीवर आम्ही आणखी दोन गोष्टी शिकवल्या : तेजाब अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर लगेच वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवायचे, धूर छातीत गेला तर बरे वाटत असले तरी त्याच वेळी रुग्णालय गाठायचे आणि कोणते आम्ल होते ते डॉक्टरांना सांगायचे.

आपणांस एक विनंती. चालणारी उपकरणे जरूर पाठवा, मुले त्यांची वाट पाहतात. बंद पडलेली मात्र आपल्या शहरातील अधिकृत संकलन केंद्रावरच द्या. आपल्या घरातील अडगळ दुसऱ्याच्या दारात विष होऊन जाऊ नये.