साचा: मोडायचा, राखायचा की पोटात ठेवायचा

कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभा केला. जमीन औंध संस्थानची, स्टेशनाचं तेव्हाचं नाव कुंडल रोड. बेळगावात जन्मलेला त्यांचा लोखंडी नांगर इथल्या ओतशाळेत वाढला. लाकडी पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद उपसायचा, पोकळीत रस ओतायचा आणि थंड झाल्यावर वाळू फोडायची. दर नगाला नवा साचा. बिडाचं लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा. वाळू न ढासळता निघावा म्हणून त्याच्या भिंतींना किंचित उतार. हे गणित ज्याच्या हाताला बसलं, त्याला फायबरचं, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचं, काम परकं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

फायबरमध्ये मात्र साचा जपायचा असतो. आधी पॅटर्न, त्यावरून फायबरचाच साचा, आणि त्यातून नगामागून नग. साच्याला वॅक्सचे थर चढवून घासतात, कारण साच्यावरचा ओरखडा प्रत्येक नगावर उमटतो. मग काम बाहेरून आत चालतं: जी बाजू गिऱ्हाईक बघणार, ती सगळ्यात आधी. जेमतेम अर्धा मिलिमीटर जेलकोट, तो चिकट असतानाच काचतंतूची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. मॅटचे तुकडे धरून ठेवणारा बांधक रेझिनमधल्या स्टायरिननं विरघळतो, कडक मॅट ढिली पडून कोपऱ्यात बसते. पांढरी मॅट भिजली की पारदर्शक होते. जिथं पांढरं राहिलं तिथं हवा अडकली. खाचांचा रोलर तिथं पुन्हापुन्हा फिरवायचा. घाई करून चालत नाही आणि रेंगाळूनही नाही, कारण हार्डनर पडल्यापासून घड्याळ सुरू झालेलं असतं, आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ते दुप्पट वेगानं पळतं. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं. शेडमध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगायला हवं, मास्क आणि हातमोज्यांसकट.

पण नग एकच हवा असेल तर? साच्याचा खर्च कुणावर टाकायचा? गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात नौदलासाठी ५६ फुटी ‘म्हादेई’ ही शिडाची बोट बांधली, तेव्हा सीडर लाकडाच्या पट्ट्यांनीच आकार घडवला. त्यावर आतून-बाहेरून काचकापड आणि इपॉक्सी चढवलं. ज्यानं आकार दिला ते लाकूड काढलंच नाही. दोन कातड्यांमधला गाभा म्हणून ते बोटीतच राहिलं. दोन्ही कातडी एकमेकांपासून दूर राहिल्यानं फारसं वजन न वाढता ताठपणा कितीतरी वाढतो. २००९ साली ती नौदलात आली. कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० च्या मे महिन्यात मुंबईत परतले, आणि २०१३ साली अभिलाष टॉमींनी त्याच बोटीतून एकाही बंदराला न लागता ती प्रदक्षिणा पुरी केली.